पन्हाळ्याला निघालेली बोट

गौस: परत सांगा मामा. सुरवातीपास्नं. आन मधी मधी शिव्या घालू नका, मला इंजिनाचं कळायला पायजे.

सिद्धाप्पा: सांगितलं की. दोरी वडली की झटक्यात चालू हुती. घाटावरनं निघाली की पळती. संगम जवळ आला की मरगळती.

गौस: बंद पडती?

सिद्धाप्पा: बंद न्हाय. मरगळती. आवाज हाय, जोर न्हाय. मूठ पुरी पिळली तरी बोट आपली म्हस डुंबायला निघाल्यागत.

गौस: मग तुमी काय करता?

सिद्धाप्पा: बंद करतो. पान खातो. परत दोरी वडली की परत पळती. जरा गेली की परत मरगळती.

गौस: पान खाल्लं न्हाय तर?

सिद्धाप्पा: गौस, तू मेकॅनिक हाईस का कोण हाईस?

गौस: इचारायला लागतंय. कवापास्नं हाय हे?

सिद्धाप्पा: बसव जयंतीपास्नं. दरसाली त्या दिवशी मोटर घरी आणतो, दारात पाण्याच्या पिपात उभी करतो आन चालवतो. पावसाळ्याच्या आधी आतनं धुऊन निघती. यंदाबी तेच केलं. पिपात बरी चालली. दुसऱ्या दिवशी बोटीला लावून नदीत घातली आन हे सुरू.

गौस: आन बोट न्ह्यायला टेम्पो कवा येतोय?

सिद्धाप्पा: पन्हाळ्यास्नं निघालाय. चारपतोर येईल म्हणला.

गौस: म्हंजे खरंच द्यायलायसा बोट?

सिद्धाप्पा: नीट झाली तर न्हाय. न्हाय झाली तर द्यायला लागंल. पोराला, शिवकुमारला, शब्द दिलाय. बोट द्या म्हणून कवाचा मागं लागलाय, आता म्हणतोय, अप्पा, पुराच्या मधी जोर गेला तर तुमी काय पान खात बसणार? त्याचंबी खोटं न्हाय. म्हणलं, गौसला दाखवतो. त्यानं हात टेकलं तर न्हेऊ दे.

गौस: चांगलाय की. म्हंजे उद्या गावात म्हणत्याल, गौसमुळं बोट गेली.

सिद्धाप्पा: व्हय, तसंच म्हणणार मी.

गौस: पन ती घेणारा त्यो धैर्यशील हॉटेलवाला तिचं करणार काय? पन्हाळ्यावर नदी कुठं हाय?

सिद्धाप्पा: हॉटेलाम्होरं हिरवळ हाय, तिथं ठेवणार. आत माती भरून झेंडू लावणार.

गौस: बोटीत?

सिद्धाप्पा: आन मधी बाक टाकणार. नवरा-बायकू बसून फोटो काढणार.

गौस: मोटर?

सिद्धाप्पा: मोटरीला सोनेरी रंग देणार म्हणला.

गौस: या अल्ला.

सिद्धाप्पा: म्हणून म्हणतोय, नीट बघ.

गौस: मामा, मोठ्या पुरात आमच्या अम्मीला ह्याच बोटीतनं काढलंतं तुमी. शिलाई मशीन घेतल्याबिगर येत न्हाय म्हणून बसलीती माळ्यावर.

सिद्धाप्पा: घेतली की मशीन. मशीन, अम्मी आन तुझी दोन शेरडं. शेरडं गप हुती. अम्मी सगळ्या वाटंनं सांगत हुती, सिद्धाप्पा, हळू चालव, मशीनला पाणी लागंल. खाली वीस फूट पाणी.

गौस: अजून त्याच मशीनवर शिवती.

सिद्धाप्पा: नदीकाठच्या मळीतल्या वस्तीला पाणी चारी अंगानं येढतंय. भाईरनं बोट येईपतोर ही एकटीच हाय. हिच्यात झेंडू लावला तर त्या लोकास्नी काय मी झेंडू पाठवू?

गौस: तापू नका. टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल हाय का? हवा आत गेली न्हाय तर पेट्रोल खाली उतरत न्हाय.

सिद्धाप्पा: सैल हाय. हे मला शिकवू नको.

गौस: बघतो. हाय सैल.

सिद्धाप्पा: म्हणलं न्हवं?

गौस: पेशंट सगळंच म्हणतोय, डॉक्टरला बघायलाच लागतंय. आता नळीवरचा ह्यो रबरी फुगा दाबा. कडक लागतोय?

सिद्धाप्पा: दगडागत.

गौस: म्हंजे पेट्रोल यायचं तसं यायलंय. प्लग मी बघितलं, दोन्ही चहाच्या रंगाचं हायत, झ्याक. पंख्याच्या मधलं रबर सुटलं असंल म्हणून पेंटची रेघ मारलीती. मगाशी फेरी मारून आलो, रबर फिरलं असतं तर रेघ तुटली असती; ती हाय तिथंच हाय.

सिद्धाप्पा: मग काय न्हाय ते झालं. काय हाय ते सांग.

गौस: दोरी वडा. आन मूठ बारीक ठेवा. पाठीमागनं धार पडती ती बघू... ही धार?

सिद्धाप्पा: व्हय.

गौस: मामा, ही धार न्हवं. हे ठिबक सिंचन हाय.

सिद्धाप्पा: मोटर म्हातारी झाली. वयानं हुतंय तसं. माझंबी तेच हाय.

गौस: तुमचा डॉक्टर येगळा. हिचा मी हाय. बघून सांगितलं असतंसा तर टाकी, फुगा, प्लग काय उघडायलाच लागलं नसतं.

सिद्धाप्पा: तू धारंचं इचारलंच न्हाईस. पान खाल्लं का इचारलंस.

गौस: बंद करा. आता हितं, इंजिनाच्या डोक्यावर, जरा थुका.

सिद्धाप्पा: मोटरीवर थुकू?

गौस: थुका, तिला काय वाटत न्हाय... ऐकलासा? चर्र झालं. नुसती उभी हुती बारीकवर, तरी तवा तापलाय.

सिद्धाप्पा: म्हंजे?

गौस: म्हंजे ही खालनं नदीचं पाणी वडती, इंजिनाभवती फिरवती आन मागनं सोडती. तेवढंच तिला गारवा. पाणी फिरलं न्हाय की इंजिन तापतंय, पिस्टन आवळतोय, जोर मरतोय. तुमी पान खाता तवर गार हुतंय, परत पळतंय. पानाचा गुण न्हाय त्यो.

सिद्धाप्पा: पाणी का फिरंना?

गौस: काय तरी आडलंय आत. खाली पाणी वडायच्या तोंडाला जाळी असती. कुठं हाय ती?

सिद्धाप्पा: काढली गेल्या साली.

गौस: का?

सिद्धाप्पा: केंदाळ आडकायचं, ती पाण्यावरची जलपर्णी. सारखी मोटर वर घे, केंदाळ काढ, मोटर खाली सोड.

गौस: म्हणून जाळीच काढलासा?

सिद्धाप्पा: आडकायचं बंद झालं.

गौस: आता काय बोलू मी? द्या त्यो धा नंबरचा पाना. हे डोक्यावरचं झाकण खोलतो. ह्याच्या आत एक बारीक चकती असती, इंजिन तापलं की उघडती आन पाण्याला वाट देती. तिच्या तोंडाशीच बसलं असणार जे काय हाय ते... हां. सुटलं.

सिद्धाप्पा: केंदाळ हाय?

गौस: मामा, हात पुढं करा.

सिद्धाप्पा: काय हाय हे?

गौस: तुमीच सांगा. मी सांगितलं तर म्हणशीला गौस चढवून आलाय.

सिद्धाप्पा: मऊ लागतंय. पिवळं हाय. गाळ तर न्हाय.

गौस: वास घ्या.

सिद्धाप्पा: ...भात हाय.

गौस: भातच हाय. हळद घातलेला. बरा शिजलाय, मोकळा न्हाय पन. मीठ काय बघितलं न्हाय मी.

सिद्धाप्पा: इंजिनात भात?

गौस: पंचवीस वर्सं झाली मला. शेतातल्या पंपात बेडूक बघितला, विंचू बघितला, एकदा कुणाचा तरी चष्मा निघाला. भात पयल्यांदाच.

सिद्धाप्पा: नदीत लोकं निवद सोडत्यात. त्यातला आला असंल.

गौस: त्यातलं एखादं शीत आलं असतं. हा वाटीभर हाय. नदी वाहती हाय मामा, पिपातलं पाणी तिथंच फिरतंय. पिपात काय पडलं तर ते सगळं हिच्याच पोटात. आन तुमची तर जाळीबी न्हाय.

सिद्धाप्पा: माझ्या दारातल्या पिपात तांदूळ कोण टाकंल?

गौस: मामी आल्या बघा चहा घेऊन. या, शांतव्वा मामी.

शांतव्वा: झाली का नीट? दोघं हात बघत काय बसलाय? ज्योतिष सांगायलाय व्हय गौस?

सिद्धाप्पा: हे बघ. काय हाय?

शांतव्वा: भात.

सिद्धाप्पा: इंजिनातनं निघालाय.

शांतव्वा: मी घातलं तवा तांदूळ हुतं.

गौस: मामी, तुमी पिपात तांदूळ टाकलासा?

शांतव्वा: टाकायला मी काय याडी हाय? ओटी भरली.

सिद्धाप्पा: कुणाची?

शांतव्वा: बोटीची.

सिद्धाप्पा: बोट घाटावर हुती. दारात नुसती मोटर हुती.

शांतव्वा: दोन्ही एकच की. घाटावर जाऊन बोटीची ओटी भरली असती आन त्या तोंडाळ धोंडुबाईनं बघितलं असतं, तर अख्ख्या कुरुंदवाडात झालं असतं. मोटर दारात हुती, भोवतीनं कोण नव्हतं. तुमी ती सुरू ठेवून आत लिंगपूजेला बसला हुतासा. मी तिला हळदीकुंकू लावलं. खण दाखवला, नारळ दाखवला. तिला पदर कुठनं आणायचा? म्होरं पीप हुतं. त्यालाच पदर समजून हळद लावलेलं तांदूळ घातलं.

गौस: किती?

शांतव्वा: पाच मुठी. कमी घालून चालतंय व्हय? तांदूळ पाण्यात जरा फिरलं, आन बघता बघता तिनं घेतलं. मला बरं वाटलं. म्हणलं, मानली तिनं ओटी.

गौस: मानली म्हंजे, गिळलीच की मामी. तिथं आत जाऊन शिजवलीबी.

सिद्धाप्पा: आन पिपात ऱ्हायलेलं?

शांतव्वा: चिमण्यास्नी घातलं.

सिद्धाप्पा: नारळ?

शांतव्वा: चटणी खाल्लासा की तुमी. दोन येळा मागून घेतलासा.

सिद्धाप्पा: शांतव्वा, मी गेलं वीस-बावीस दिवस ह्या मोटरीपायी झोपलो न्हाय. आन तू हे आज सांगतीस?

शांतव्वा: मला काय ठावं तांदळानं मोटर आडती? बैलाची पूजा केली म्हणून बैल आडला व्हय कधी?

गौस: ह्यात त्यांची चूक न्हाय मामा. जाळी असती तर तांदूळ भाईरच ऱ्हायलं असतं.

सिद्धाप्पा: तू गप धू ते. पन मी म्हणतो, ओटी कशापायी? इतक्या वर्सात कधी भरली न्हाईस.

शांतव्वा: आता जाणार न्हवं ती? शिवकुमारनं बसव जयंतीच्या आदल्या दिवशी फोन केलता. आई, अप्पा हो म्हणलेत, बोट पन्हाळ्याला चालली. घरातनं जाणाऱ्याला रिकाम्या ओटीनं धाडायचं असतंय?

सिद्धाप्पा: मी हो म्हणलं नव्हतं. बघतो म्हणलंतो.

शांतव्वा: तुमचं 'बघतो' म्हंजे काय, हे मला ह्या वयापतोर कळलं न्हाय. पोराला कुठनं कळायचं?

सिद्धाप्पा: मला इचारायचं.

शांतव्वा: इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणला असतासा. मला 'न्हाय' ऐकायचं नव्हतं.

सिद्धाप्पा: म्हंजे?

शांतव्वा: म्हंजे मला ती जायला पायजे हुती. सरळ सांगती. ती गेली असती तर मी सुटले असते.

गौस: मामी, मी जरा पाणी आणतो नदीचं. बादली कुठं हाय?

शांतव्वा: बस तू. तुझ्यापास्नं काय लपवायचं? पाणी चढलं की हे निघत्यात. मी पायऱ्यांच्या वरच्या अंगाला उभी ऱ्हाती. दिसत्यात तवर बघती. दिसायचं बंद झालं की मोटरीचा आवाज ऐकती. आवाजबी गेला की मग काय करायचं, सांगा? घरात जाऊन भाकरी बडवू? हात चालत न्हाईत. भ्या वाटतंय मला. एवढी वर्सं बोलले न्हाय, आज बोलती.

सिद्धाप्पा: आधी सांगायचं न्हाईस?

शांतव्वा: सांगितलं असतं तर थांबला असतासा?

सिद्धाप्पा: न्हाय.

शांतव्वा: मग.

सिद्धाप्पा: तुला ती नको हुती, तर ओटी तरी का भरलीस? जाऊ द्यायची तशीच.

शांतव्वा: दर खेपंला तुमास्नी माघारी कुणी आणलं? मी आणलं? तिनं आणलं. मोठ्या पुरात तर दोन दिवस न्हेलं आन तिसऱ्या दिवशी आणून दारात उभं केलं. मला ती नको हाय, ते खरं हाय. म्हणून तिला रिकामी धाडू व्हय मी? एवढी हलक्या मनाची हाय?

गौस: चहा गार व्हायलाय.

सिद्धाप्पा: होऊ दे.

गौस: न्हाय, म्हंजे... मामी, ही चहाची गाळणी तारंची हाय का प्लॅस्टिकची?

शांतव्वा: तारंची. का?

गौस: खालच्या तोंडाला जाळी पायजे. माप बरोबर बसतंय हिचं.

शांतव्वा: माझी रोजची गाळणी हाय ती!

गौस: ओटी भरलासा, आता रुखवतातलं एक भांडं द्या की. कापू?

शांतव्वा: काप मेल्या. आता इचारतोस कशाला, अर्धी कापून झाली.

सिद्धाप्पा: भात सगळा निघाला?

गौस: निघाला. चकती मोकळी हाय, पाईपात पाणी मारून घेतलं. खालचा पाणी वडायचा रबरी पंखाबी बघितला, पाकळ्या शाबूत हायत. झाकण बसवलं, हे शेवटचं बोल्ट... झालं. पन हितं धार बघून मी काय सांगणार न्हाय. संगमापतोर पुऱ्या मुठीनं न्हेऊन आणायची. आन बोटीत वजन पायजे. मोकळी बोट काय पळतीच.

सिद्धाप्पा: वजन कुठनं आणू? टेम्पो यायची येळ झाली.

गौस: मामी बसतील की.

शांतव्वा: मी? मी कधी बसले न्हाय तिच्यात.

गौस: पुरातबी न्हाय?

शांतव्वा: आमचं घर उंचावर हाय. मला कोण काढणार? मी वरनं बघणारी.

सिद्धाप्पा: बस. जाकीट घाल. हात दे. त्या फळीवर पाय ठेव, तिथं न्हाय, हितं. बस आता मधी.

शांतव्वा: हलतीया ही.

सिद्धाप्पा: बोट हाय. हलणारच.

(बोट सुटते. पुढचं सगळं बोलणं इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून.)

गौस: मूठ पुरी?

सिद्धाप्पा: पुरी!

गौस: धार बघा, धार!

सिद्धाप्पा: पडतीया! सरळ पडतीया!

शांतव्वा: एवढ्या जोरात जायला लागतंय व्हय? पदर जाग्यावर ऱ्हाईना माझा.

गौस: मामी, हालू नका, तुमी वजन हाईसा!

शांतव्वा: चांगला मान दिलास, गौस.

सिद्धाप्पा: हितनं. बरोबर हितनं मरगळायची. त्या वाकड्या बाभळीपास्नं.

गौस: मूठ तशीच धरा. काय हुतंय ते हू दे.

सिद्धाप्पा: बाभळ गेली.

गौस: गेली मागं. थांबा, डोक्याला हात लावून बघतो... हात ठरतोय. कोमट हाय नुसतं. संगम आला मामा! वळवा आता. नाद खुळा!

शांतव्वा: म्हंजे नीट झाली?

गौस: झाली मामी. ह्या पावसाळ्याला काय बघायला नको.

शांतव्वा: बरं.

सिद्धाप्पा: नुसतं बरं?

शांतव्वा: मग काय नाचू बोटीत? वजनानं हालायचं नसतंय म्हणला त्यो.

सिद्धाप्पा: मी हळू करतो जरा. तुझा पदर आवर.

शांतव्वा: आपला घाट कुठला हो?

सिद्धाप्पा: त्यो. झाडाच्या डाव्या अंगाला.

शांतव्वा: त्यो? एवढासा? यव्वा. मी तिथं वर उभी ऱ्हाती. हितनं मी काय मुंगीबी दिसत नसंन.

सिद्धाप्पा: दिसतीस.

शांतव्वा: काय तर बोलू नका.

सिद्धाप्पा: पूर आला की घाट दिसत न्हाय. पायऱ्या बुडाल्या, झाड निम्मं बुडालं. नदी कुठली आन उसाचं रान कुठलं, सगळं एकच पाणी. वरनं पाऊस. माघारी येताना मला काय सुधरत न्हाय. मग तू दिसतीस. डोस्क्यावर खताचं पिवळं पोतं घेऊन उभी असतीस. ते पिवळं दिसलं की मी बोट वळवतो.

शांतव्वा: हे मला कधी सांगितलं न्हाईसा.

सिद्धाप्पा: तू तरी कुठं काय सांगितलंस?

शांतव्वा: आन मी उभीच न्हाय ऱ्हायले तर?

सिद्धाप्पा: मग वळायचं कुठं ते मला ठावं न्हाय. खरंच ठावं न्हाय.

गौस: मामा, खिशात फोन वाजायलाय तुमच्या.

सिद्धाप्पा: टेम्पोवाला असंल. मला मूठ सोडता येत न्हाय. गौस, तू घे.

शांतव्वा: त्याला कशाला? मला द्या.

सिद्धाप्पा: तू काय सांगणार?

शांतव्वा: तुमी म्होरं बघून चालवा... हॅलो. कोण? व्हय, त्यांच्या घरातनंच बोलती. घाटावर आलासा? बरं झालं. चहा हाय बघा तिथं पायरीवर, गार झाला असंल, घ्या. काय? न्हाय, दिसायची न्हाय तुमास्नी. तिथं न्हाईच ती. बोट पाण्यात हाय, पावणं. मीबी तिच्यातच हाय.